वसईचा संत आणि त्याची आई

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, आणि त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. चार बायकांत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या गोन्सालो संताविषयी थोडे सांगा. किल्ल्यातला त्याचा सण आम्ही दरवर्षी पाहतो, पण तो संत कोण, कुठला, हे आम्हा हिंदू बायकांना नीट ठाऊक नाही." मी म्हटले, बाई, खरे सांगायचे तर आम्हा ख्रिस्ती बायकांना तरी कुठे नीट ठाऊक आहे? आम्ही नवस बोलतो, मेणबत्ती लावतो, मुलांच्या परीक्षेला त्याचे नाव घेतो. चरित्र विचाराल तर "जपानात क्रुसावर मेला" एवढे एक वाक्य येते आणि गाडी तिथेच थांबते.

म्हणून गेला महिनाभर मी थोडे वाचले. आमच्या फादरांकडून पुस्तके आणली. जे इंग्रजीत होते ते कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने रात्री जेवणे आटोपल्यावर मला समजावून सांगितले. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवते. चुकले तर पदरात घ्या.

आधी एक गोष्ट इतर धर्माच्या भगिनींसाठी सांगते. आम्ही संताला देव मानत नाही. देव एकच. संत म्हणजे आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस, जो चांगला जगला, चांगला मेला आणि देवाच्या जवळ पोहोचला. त्याने आपल्यासाठी देवापाशी शब्द टाकावा, एवढीच आमची मागणी. आणि एखादा गाव किंवा प्रांत ज्या संताच्या ओटीत घातला जातो, त्याला आम्ही आश्रयदाता संत म्हणतो. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचा आश्रयदाता संत गोन्सालो गार्सिया.

आता चरित्राकडे वळते.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यानंतर आपल्या ह्या किल्ल्यात एक शहरच उभे राहिले. वाडे झाले, देवळे झाली, मठ झाले, शाळा झाल्या. आज आपण तिथे मुलांना घेऊन फिरायला जातो, पडक्या भिंतींवर उगवलेली झाडे पाहतो आणि परत येतो. त्या भिंतींच्या आत १५५६ सालच्या सुमारास एक मूल जन्मले. बाप पोर्तुगीज होता. आई इथलीच, आपल्या मातीतली. मुलाचे नाव ठेवले गोन्सालो.

भगिनींनो, इथेच माझे वाचन पहिल्यांदा अडखळले. एका पुस्तकात आई कोकणची म्हटली आहे, दुसऱ्यात कानडी, तिसऱ्यात नुसतीच 'एक देशी बाई'. नाव कुठेच नाही. मी मुलीला म्हटले, "पुढचे पान बघ, असेल." तिने पुढचे पान पाहिले, दुसरे पुस्तक पाहिले. नाव नाही ते नाहीच. ही गोष्ट मनात धरून ठेवा. मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

गोन्सालोचे शिक्षण किल्ल्यातच, येशूसंघाच्या फादरांच्या शाळेत झाले. बापाची भाषा एक, आईची दुसरी. अशा घरातल्या मुलाची जीभ लवकर वळते, हे तुम्हा आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडेही मुले घरात कादोडी बोलतात, शाळेत मराठी, आणि गाडीत बसली की हिंदी. ही वळणारी जीभ त्याला पुढे फार उपयोगी पडली, आणि शेवटी त्याच्या मरणालाही एका परीने तीच कारण झाली.

१५७२ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तो येशूसंघाच्या फादरांबरोबर जपानला निघाला. त्या वेळचा मार्ग गोव्याहून मलाक्का, मलाक्काहून मकाव, तिथून जपान. वाऱ्याची वाट पाहत बंदराबंदरांत महिनेच्या महिने मुक्काम करावा लागे. माझा थोरला मुलगा जहाजावर नोकरीला आहे. त्याचा फोन दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडते. त्या माऊलीला फोन नव्हता, आणि पत्र आले तरी वर्ष दोन वर्षांनी येणार. पंधरा वर्षांचे पोर वसईच्या बंदरातून गेले. त्यानंतर मायलेकरांची भेट झाल्याचे मी कुठेही वाचले नाही.

जपानात त्याने आठ वर्षे फादरांच्या हाताखाली काम केले. तिथली भाषा तो इतकी चांगली शिकला की लोकांना धर्माची शिकवण त्यांच्याच बोलीत सांगू लागला. त्याच्या मनात एकच इच्छा होती. येशूसंघात आपल्याला घ्यावे. ती इच्छा पुरी झाली नाही. आठ वर्षे सेवा करूनही त्याला दार उघडले नाही.

का उघडले नाही? त्या काळी आपल्याकडच्या देशी किंवा मिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्यास वरिष्ठ मंडळींचा विरोध होता, हे इतिहासात नमूद आहे. गोन्सालोच्या बाबतीतही हेच आड आले असावे, असे मला वाटते. म्हणजे मुलाच्या अंगी गुण होते, भाषा होती, भक्ती होती. कमी काय होते? आईचा रंग आड आला. मी धर्माने कॅथलिक आहे, चर्चची लेक आहे. तरीही हे सांगताना मी शब्द चावणार नाही. आपल्या घरातले झाले म्हणून खरे लपवू नये.

दुसरा एखादा चिडला असता. गोन्सालोने ती नोकरी सोडली आणि व्यापार सुरू केला. भाषा येत होती, लोक ओळखीचे होते, धंदा चांगला चालला. पैसा हाती आला. पण मन त्यात लागेना. व्यापारासाठी तो फिलिपाईन्स बेटांत मनिला शहरी जाई. तिथे त्याची फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशी ओळख झाली. असिसीचा संत फ्रान्सिस हा त्या संघाचा मूळ पुरुष. त्याचे अनुयायी अनवाणी चालणारे, अंगावर एक झगा आणि कमरेला दोरी बांधणारे. गोन्सालोने पैसाअडका सोडला आणि त्या दोरीत स्वतःला बांधून घेतले.

तिथेही तो फादर झाला नाही, ब्रदर झाला. ह्यातला फरक सांगते. फादर मिस्सा म्हणतो, पापांची कबुली ऐकतो, लोक त्याच्या हाताचे चुंबन घेतात. ब्रदर स्वयंपाक करतो, दार उघडतो, आजाऱ्यांची सेवा करतो, पाणी भरतो. घरात बाई जे करते ते मठात ब्रदर करतो, असे म्हटले तरी चालेल. त्या कामाचे नाव कोणी काढत नाही आणि त्या कामावाचून कोणाचे चालतही नाही. आमचा संत हा असा कामकरी संत आहे. मला तो आवडू लागला तो इथपासून.

आता ह्यापुढे मी त्यांना 'ते' म्हणते. पोराचे आता साधू झाले.

१५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने जपानला वकील पाठवायचे ठरवले. त्या वेळी जपानची सारी सत्ता हिदेयोशी नावाच्या सेनापतीच्या हाती होती. वकील म्हणून फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता निघाले. पण बोलणार कोण? जपानी कोणाला येत होते? तेव्हा गोन्सालोंची आठवण झाली. ज्या भाषेत आठ वर्षे राबून ते रिकाम्या हाताने परतले होते, त्याच भाषेसाठी त्यांना बोलावणे आले. एवढ्या मोठ्या सत्ताधीशापुढे वसईचा हा ब्रदर दुभाषा म्हणून उभा राहिला.

ह्या साधूंना जपानात राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो शहरी त्यांनी एक देऊळ बांधले, आणि १५९४ व १५९५ साली महारोग्यांसाठी दोन दवाखाने काढले. एकाला संत आन्नाचे नाव, दुसऱ्याला संत जोसेफचे. संत आन्ना म्हणजे मरिया मातेची आई, येशूची आजी. ज्या रोग्याला घरचे लोक उंबऱ्यात येऊ देत नसत, त्याच्या जखमा हे लोक धूत.

दोन-तीन वर्षे बरी गेली. मग १५९६ साली 'सान फेलिपे' नावाचे स्पेनचे मोठे गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा माल जप्त झाला, आणि त्यावरून कटकटी वाढल्या. हे साधू म्हणजे परदेशी राजाचे पुढे पाठवलेले लोक, आधी धर्म येतो आणि मागून फौज येते, असा संशय हिदेयोशीच्या मनात भरला किंवा भरवला गेला. राजकारण दुसऱ्यांनी केले आणि भोगावे लागले महारोग्यांची सेवा करणाऱ्यांना. डिसेंबर महिन्यात साधूंच्या मठाला पहारा बसला.

१५९७ च्या जानेवारीत क्योतो शहरात कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, पण एका अधिकाऱ्याने दया येऊन तो सौम्य केला, असे लिहिलेले आहे. मग त्यांना गाड्यांत घालून गावोगाव मिरवले. पुढे भर थंडीत नागासाकीपर्यंत नेले. हा प्रवास जवळजवळ महिनाभराचा होता. निघताना ते चोवीस होते. त्यांच्याबरोबर वाटेने सेवा करीत चाललेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी पकडले, तेव्हा सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघाचे, आणि सतरा साधे जपानी प्रापंचिक. कोणी सुतार, कोणी वैद्य, कोणी स्वयंपाकी. सर्वांत मोठा चौसष्ट वर्षांचा आणि सर्वांत लहान फक्त बारा वर्षांचा.

त्या सव्वीसांत एक बाप आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता. मुलाचे नाव थॉमस कोझाकी. वाटेत मिहारा गावी रात्रीच्या मुक्कामात त्याने आपल्या आईला पत्र लिहिले. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचे ते पत्र होते. पाठवायला माणूस कुठला मिळणार? ते पत्र बापाच्या कपड्यांतच राहिले आणि बाप मेल्यावर त्याच्या अंगावर रक्ताने माखलेले सापडले. हे वाचताना माझ्या मुलीचा आवाज बसला आणि आम्ही त्या रात्री पुस्तक मिटून ठेवले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले. प्रत्येकाला क्रुसाला बांधले आणि भाल्यांनी भोसकून मारले. त्यांत आपले गोन्सालो होते. वय सुमारे चाळीस वर्षांचे. म्हणजे आज माझ्याहून लहानच.

आता त्यांच्या मागे त्यांची भक्ती कशी पसरली ते सांगते.

मृत्यूनंतर तीस वर्षांनी, १६२७ साली, पोप आठवे अर्बन यांनी ह्या रक्तसाक्ष्यांना धन्यवादित ठरवले. ही संतपदाच्या आधीची पायरी. वरची पायरी चढायला मात्र आणखी दोनशे पस्तीस वर्षे लागली. ८ जून १८६२ रोजी रोममध्ये पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच, आपल्या वसईचा. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ साली, नागासाकीच्या त्या टेकडीवर सव्वीस जणांचे मोठे स्मारक आणि संग्रहालय उभे राहिले. मरणाचा दिवस ५ फेब्रुवारी, पण त्या दिवशी संत आगाथाचा सण येतो, म्हणून जगभरच्या कॅथलिक पंचांगात ह्या रक्तसाक्ष्यांचा स्मृतिदिन ६ फेब्रुवारीला धरतात.

आपल्या वसईचा रिवाज वेगळा. आपण नाताळनंतरच्या पहिल्या पौर्णिमेच्या जवळचा रविवार धरतो. किल्ल्यात येशूसंघाचे जे जुने देऊळ आहे, त्याला आता लोक गोन्सालो गार्सियाचे देऊळ म्हणतात. बघा कसे असते! ज्या संघाने त्यांना आत घेतले नाही, त्याच संघाच्या देवळाला आज त्यांचे नाव आहे. त्या रविवारी गावोगावची माणसे येतात. म्हाताऱ्या लाल लुगडी नेसून येतात, मिस्सा होते, मग झाडांखाली डबे उघडतात. कोणाचे फुगे, कोणाच्या तांदळाच्या भाकऱ्या, कोणाची सुकेळी. लहानपणी मला वाटे की संत म्हणजे हा डबा खाण्याचा दिवस. गास गावीही त्यांच्या नावाचे चर्च आहे.

परंतु भक्तीची सर्वांत नवलाची हकीगत वसईची नाही, जपानची नाही, रोमचीही नाही. ती ब्राझील देशातली आहे. हे मला अजिबात ठाऊक नव्हते, आणि इथे बसलेल्या कोणालाही असेल असे वाटत नाही.

ब्राझीलवरही त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथे गोरे मालक होते, आफ्रिकेतून आणलेले काळे गुलाम होते, आणि दोघांच्या मिश्रणातून झालेले सावळे लोक होते. ह्यांना तिथे 'पार्दो' म्हणत. गोऱ्यांच्या मंडळांत त्यांना मान नसे. मोठ्या जागा त्यांना मिळत नसत. देवळातल्या मूर्ती पाहाव्यात तर बहुतेक गोऱ्यापान. तुमच्या रंगाचा संत आहे का कुठे, असे हिणवले तर उत्तर काय द्यायचे?

तेव्हा त्यांना उत्तर सापडले. वसईचा गोन्सालो! बाप पोर्तुगीज, आई हिंदुस्थानची, सावळ्या रंगाची. म्हणजे तो आमच्यासारखा मिश्र, म्हणजे तो आमचा. १७४५ च्या सप्टेंबर महिन्यात रेसिफे शहरात ह्या पार्दो लोकांनी गोन्सालोंचा मोठा उत्सव केला. लिव्रामेंतो मातेच्या देवळात फ्रे जाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने प्रवचन दिले. त्याचा सारा रोख एकच की हा संत सावळाच आहे, आणि तो सावळा आहे तो त्याच्या आईमुळे. त्याने त्यासाठी इतिहास काढला, भूगोल काढला, वंशावळ काढली. ते प्रवचन पुढे १७५१ साली लिस्बनला छापले गेले. पार्दो लोकांनी गोन्सालोंच्या नावाने ब्राझीलमध्ये देवळेही बांधली. पेनेदो गावी असे एक देऊळ आहे.

आता सालांकडे जरा लक्ष द्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि इथले पोर्तुगीज राज्य गेले. ज्या किल्ल्यात गोन्सालो जन्मले तो अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती गेला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, समुद्रापलीकडे हजारो मैलांवर, ज्यांनी वसई कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती असे लोक वसईच्या एका बाईच्या रंगाची साक्ष काढीत होते. का, तर तिच्या रंगामुळे त्यांना मान ताठ ठेवता येत होती.

भगिनींनो, मी सातवी शिकलेली बाई. मला ह्यातून जे कळले ते सांगते. ज्या आईच्या रंगामुळे जपानात मुलाला दार बंद झाले, त्याच आईच्या रंगामुळे ब्राझीलमधल्या गरीब माणसांना देवळाचे दार उघडले. आणि आपण तरी गोन्सालोंना 'आपले' का म्हणतो? बापाकडून पाहिले तर ते पोर्तुगीज. वसईचे, आपले, ह्या मातीचे ते आईकडूनच आहेत. ब्राझीलच्या लोकांनी आईकडे पाहून त्यांना आपले म्हटले, आपणही आईकडे पाहूनच म्हणतो. सारे नाते तिच्यावर उभे आहे, आणि तिचेच नाव कुठे लिहिलेले नाही.

महिनाभर मी मनात पुस्तके लिहिणाऱ्यांना बोल लावीत होते. कसले हे लोक! गलबताचे नाव लिहिले, गव्हर्नराचा हुद्दा लिहिला, आणि जन्म देणारीचे नाव विसरले! मग एके दिवशी भाकऱ्या थापताना मला माझेच आठवले आणि माझा हात थांबला.

चार वर्षांपूर्वी माझी आई वारली. ती आमच्या वाडीत भाजी करी आणि पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन दादरला जाई. आम्ही पाच भावंडे त्या टोपलीवर वाढलो. मी थोरली मुलगी. आई पहाटे गेल्यावर धाकट्यांना कोणी तरी बघायला हवे, म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली. त्याबद्दल मी पुष्कळ वर्षे आईवर रुसून होते. लग्न होऊन गेले तरी रुसून होते. तिच्याशी बोलायची ते कामापुरते. तिच्या लहानपणाचे, तिच्या माहेरचे मी कधी काही विचारले नाही.

ती गेल्यावर महिन्याच्या मिस्सेची पत्रिका छापायची होती. छापखान्यातल्या माणसाने विचारले, "नाव काय घालू?" माझा भाऊ म्हणाला, "बय." सारा गाव तिला बयच म्हणे. तो माणूस म्हणाला, "अहो, पण नाव?" रेशनकार्डावर एक होते, मतदारांच्या यादीत दुसरे. बाप्तिस्म्याचे खरे नाव कोणते, ते आम्हा पाचांपैकी एकालाही सांगता येईना. मी तिची थोरली लेक. मलाही आले नाही. छापखान्याच्या त्या बाकावर मला जी लाज वाटली ती मी आज प्रथमच चार माणसांत सांगते आहे.

शेवटी तिच्या माहेरच्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. पाने पिवळी पडलेली, पण शाई शाबूत. त्यात आईचे नाव होते. पाळण्यातले, पूर्ण. आणि त्याच ओळीत तिच्या बापाच्या नावाशेजारी तिच्या आईचेही नाव होते. माझ्या आजीचे नाव मी त्या दिवशी, चाळिशी ओलांडल्यावर, पहिल्यांदा वाचले. दोन्ही नावे मी माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात लिहून ठेवली आहेत.

तेव्हा बहिणींनो, त्या जुन्या लेखकांना बोल लावण्याचा मला काय अधिकार? त्यांच्यात आणि आईच्या वेळी ती बय होती तेवढे पुरे आहे म्हणणाऱ्या आमच्यात फरक तो काय?

आपल्या राज्यात आता एक चांगली गोष्ट झाली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असे लिहायचे ठरले आहे. माझ्या नातवंडांच्या कागदावर त्यांच्या आईचे नाव येईल. पण जे आधीच जन्मले, जे आधीच गेले, त्यांचे कोण लिहिणार? ते काम सरकारचे नाही. ते आपलेच आहे.

म्हणून मी आज मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर सभासदांची यादी असते. त्यात आपले नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव येते. पुढच्या वर्षीपासून प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या आईचे नावही छापावे. जागा लागेल, खर्च थोडा वाढेल. त्या जादा पानाचा खर्च मी माझ्या सुकेळ्यांच्या पैशांतून देईन. जिची आई हयात आहे तिने आज घरी गेल्यावर तिला विचारावे, "आई, तुझे पाळण्यातले नाव काय?" नुसते नावच नका विचारू. तिच्या आईचेही विचारा. ती हसेल, कशाला पाहिजे म्हणेल. तरी विचारा. जिची आई गेली आहे तिने मामाला विचारावे, मावशीला विचारावे, वही शोधावी. मला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.

संत गोन्सालोंनी सारा जन्म एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत सांगण्याचे काम केले. आजही ते तेच काम करतात अशी आम्हा ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. आमचे म्हणणे देवाला कळेल अशा भाषेत तिकडे नेऊन पोहोचवतात. येत्या सणाला किल्ल्यात जाईन तेव्हा मुलासाठी, मुलीसाठी मागायचे ते मागेनच. पण एक मेणबत्ती मी त्या बाईची लावणार आहे, जिने आपले पंधरा वर्षांचे पोर समुद्रावर घातले. तिचे नाव मला ठाऊक नाही, म्हणून तिला मी गोन्सालोची आईच म्हणेन. मात्र त्याआधी माझ्या आईचे आणि आजीचे नाव मोठ्याने घेईन.